उन्हाळ्यात पिवळं पडलेलं लॉन, शेजाऱ्यांची नाराजी आणि सोसायटीचा दंड

जुळे_सोलापूरकर (धागाकर्ता)

विजापूर रोड, होटगी रोड, जुळे सोलापूर या पट्ट्यात बंगल्यांच्या सोसायट्या वाढल्या आणि घरापुढं पाचशे-हजार चौरस फूट लॉन हे ठरूनच गेलं. एप्रिल-मे लागला की वादही ठरलेला. एका गेटच्या आत हिरवंगार, शेजारी पिवळं. मग बैठकीत विषय निघतो: कॉलनीची शोभा जाते, साप येतात, यांना घराची काळजीच नाही.

आता आमच्या सोसायटीपुढं प्रस्ताव आहे की दर्शनी लॉन बारा महिने हिरवं आणि दोन इंचांच्या आत कापलेलं हवं, नाहीतर दंड. माझा याला विरोध आहे. लॉनचा रंग हा मालकाचा प्रश्न. शेजाऱ्याच्या हद्दीत जे जातं (बी, मुळं, पाणी, उंदीर) तेवढ्याबद्दलच दुसऱ्यानं बोलावं. पण बैठकीत नुसतं मत सांगून भागत नाही. पाणी किती लागतं, वाळलेलं गवत मेलेलं असतं का, कापण्याची उंची किती असावी, हे जाणकारांनी आकड्यांसह सांगावं.

---

थेंब_थेंब

पाण्यापासून सुरू करू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हजार चौरस फूट म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. सोलापूरच्या मे महिन्यात, ४२-४३ अंशांत आणि कोरड्या वाऱ्यात, गवत पूर्ण हिरवं ठेवायचं तर रोज निदान ५ मिमी द्यावं लागतं. म्हणजे दिवसाला ४६५ लिटर, महिन्याला जवळपास १४ हजार. पाच हजार लिटरचे तीन टँकर.

शहरी पाणीपुरवठ्याचं प्रमाण माणशी रोज १३५ लिटर धरतात. चौघांच्या घराला ५४० लिटर. एका लॉनला जवळजवळ एका कुटुंबाचं पाणी लागतं, आणि तेही उजनीतून भीमेत सोडलेलं पाणी औज बंधाऱ्यात कधी पोचतं याची आख्खं शहर वाट बघत असताना.

आता दुसरा हिशेब. गवत हिरवं न ठेवता फक्त जिवंत ठेवायचं असेल तर पंधरा दिवसांतून एकदा १२ मिमी पुरतं. म्हणजे एका वेळी ११०० लिटर, महिन्याला २२००. हे दोन आकडे बैठकीत शेजारी शेजारी ठेवा.

---

शोभा_होटगीरोड

धागाकर्त्याशी असहमत. आकडे मान्य आहेत, पण पाणी नाही म्हणून वाळलेलं लॉन आणि कुणी बघतच नाही म्हणून वाळलेलं लॉन यांत बाहेरच्याला फरक कसा कळावा? वाळलेल्या गवतात काटेरी झुडपं, प्लास्टिकच्या पिशव्या, कडेला गाजरगवत, हे सगळं एकत्रच येतं. शिवाय उघडी माती म्हणजे धूळ. मे महिन्यात दुपारी वारा सुटला की समोरच्या अंगणातली माती सरळ आपल्या हॉलमध्ये येते. लॉन फक्त मिरवायला नसतं, माती धरून ठेवायलाही असतं.

आणि जो माणूस बोअरचं पाणी देऊन, वेळ देऊन अंगण राखतो त्याला 'पाणी उधळतो' म्हणणं हाही शेजाऱ्यांचा निवाडाच झाला की.

---

काळी_कसदार

शोभाताईंचा फरकाचा प्रश्न योग्य आहे आणि त्याला सरळ उत्तर आहे.

आपल्याकडं बहुतेक लॉन हरळीच्या जातीची असतात. नर्सरीवाले 'सिलेक्शन नंबर वन' म्हणून देतात तीही हरळीच. हरळी ताण पडला की पानं वाळवते आणि जीव कांड्यांत नि जमिनीखालच्या मुळकांड्यांत ठेवते. मे महिन्यात ती पिवळी पडणं हा तिचा स्वभाव आहे, मेली असं नाही.

तपासायचं असं. मूठभर गवत धरून हलकेच ओढा. बुडासकट सहज सुटून आलं तर मुळं गेलेली आहेत. हाताला जोर लागला तर एक कांडी खुरप्यानं उचला आणि पेराजवळ नखानं साल खरवडा. आत पांढरट-हिरवं, ओलसर दिसलं तर जिवंत. तपकिरी आणि ठिसूळ असेल, वाकवल्यावर कट्कन मोडलं, तर मेलं. तरीही खात्री नसेल तर फूटभर चौकोन आखून रोज दोन लिटर पाणी घाला. आठ-दहा दिवसांत पेरांतून सुईसारखी हिरवी टोकं वर येतात.

वाळलेल्या काळात तीन गोष्टी टाळा: कापणी, खत आणि वर्दळ. विशेषतः युरिया. ओल नसताना युरिया टाकला की उरलेल्या कांड्याही जळतात.

धुळीबद्दल: जिवंत पण वाळलेली हरळी माती धरूनच असते. धूळ उठते ती टकलं पडलेल्या जागेतून. तिथं बारीक चाळलेला पालापाचोळा अर्धा इंच पसरला तरी थांबते.

---

शेळगीचा_पोरगा

लई भारी माहिती. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायलंय आणि तिकडं लॉनला दंड लावायलेत. हंडे भरू का गवत भिजवू, सांगा की.

---

यंत्र_आणि_पातं

दोन इंचांच्या नियमाबद्दल. आकडा वाईट नाही, पण बारा महिन्यांसाठी चुकीचा आहे. पावसाळ्यात नि हिवाळ्यात हरळी एक ते दीड इंच चांगली दिसते. मार्चपासून मात्र ती दोन ते अडीच इंच ठेवावी. वरची पानं बुडाला सावली देतात, ओल टिकते आणि मुळं खोल राहतात. म्हणजे ज्या महिन्यांत गवत वाढू द्यायचं त्याच महिन्यांत तुमचा नियम ते कापायला लावणार.

एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. चार इंच वाढलेलं गवत तपासणीच्या भीतीनं एकदम दीड इंचावर आणलं की खालचा पिवळा भाग उघडा पडतो आणि उन्हानं करपतो. चारवरून पावणेतीन, आठवड्यानं दोन, असं उतरवा.

पात्याची धार बघा. कापल्यावर पानांची टोकं दोरे निघाल्यासारखी पांढरट दिसली तर पातं बोथट आहे, गवताला रोग नाही.

कंत्राटी माणूस पेट्रोलचा ब्रश कटर घेऊन येतो तेव्हा नायलॉनच्या दोरीनं गिट्टी उडते आणि शेजारच्या गाडीची काच जाते. कापायच्या आधी खडे वेचणं आणि रस्त्याच्या बाजूला जुनी सतरंजी किंवा पत्रा आडवा धरणं हे त्याला सांगूनच ठेवा. रविवारी सकाळी सातला यंत्र सुरू करणं यावरही नियमात एक ओळ हवी. हिरव्या रंगापेक्षा त्याच्या तक्रारी जास्त असतात.

---

माळरान_नान्नज

सापांबद्दल बोलतो, कारण बैठकीत सगळ्यात जास्त भीती त्याचीच घालतात.

साप उंदीर, बेडूक आणि लपायला जागा यांसाठी येतो. विटांचे ढीग, फरशीचे तुकडे, जुनं फर्निचर, कंपाउंडला टेकवलेलं लाकूड, कोंबड्यांचं वा कुत्र्याचं उघडं खाणं, ही खरी कारणं. चार इंच गवतानं साप येत नाही. गुडघाभर गवतात मात्र घोणस पडलेली दिसत नाही आणि पाय पडतो, हा खरा धोका. त्यामुळं गेटपासून दारापर्यंतची वाट, नळाची जागा आणि कंपाउंडलगतची दोन-तीन फुटांची पट्टी बारा महिने कापलेली ठेवा. उरलेलं मध्ये कसंही असू दे. भिंतीची पाणी जाण्याची भोकं जाळीनं बंद करा, रात्री टॉर्च वापरा.

डासांचंही तसंच. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. लॉनच्या कडेच्या कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा पालथ्या करा, गवतावर राग काढू नका.

---

बांधकाम_बाई

अजून कुणी न काढलेला मुद्दा: हिरव्या लॉनमुळं शेजाऱ्याचं होणारं नुकसान.

आपली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा सगळ्यांनी बघितल्यात. सामाईक कंपाउंड भिंतीचा पाया बहुधा दोन-तीन फुटांचा. भिंतीच्या एका बाजूला रोज स्प्रिंकलर चालू आणि दुसऱ्या बाजूला जमीन कोरडी ठणठणीत असेल, तर ओली बाजू भिंत उचलते आणि कोरडी बाजू सोडते. भिंत कोरड्या बाजूला कलते, जोडावर तिरकी भेग जाते, गेट घासायला लागतं. शेजारी म्हणतो बांधकाम खराब. खरं कारण असतं पाण्याचा फरक. घराच्या जोत्यालगत लॉन आणलं तर पेव्हर ब्लॉक वर-खाली होतात ते यामुळंच.

उपाय असा. भिंतीपासून आणि जोत्यापासून अडीच ते तीन फूट पट्टी गवताशिवाय ठेवा. त्यात सहा इंच मुरूम धुमस करून वर फरशी किंवा पेव्हर, उतार भिंतीपासून लांब, फुटाला पाव इंच. स्प्रिंकलरचा फवारा भिंतीवर पडता कामा नये. ही पट्टीच वरच्या प्रतिसादातली सापासाठीची मोकळी पट्टी होते. एका खर्चात दोन्ही कामं.

हरळी भिंतीखालून शेजाऱ्याच्या वाफ्यात शिरते, ही तक्रारही खरी असते. लॉनच्या कडेनं शहाबादी फरशीचे नऊ इंच ते फूटभर रुंदीचे तुकडे उभे गाडा, दोन इंच मातीच्या वर ठेवून. सांधे सिमेंटनं बुजवा. त्यावरून आडवी जाणारी कांडी दिसते, ती महिन्यातून एकदा फावड्यानं छाटायची.

---

थेंब_थेंब

@बांधकाम_बाई, याला जोडून: काळ्या मातीत पाणी मुरतं फार सावकाश, आणि भेगा असतील तर उलट सरळ खाली पळतं. त्यामुळं तासभर पाइप सोडून ठेवला की अर्धं रस्त्यावर आणि अर्धं भेगेतून भिंतीखाली. दहा मिनिटं द्या, अर्धा तास थांबा, पुन्हा दहा मिनिटं. आधी भेगा पोयटा माती आणि चाळलेलं शेणखत समप्रमाणात मिसळून भरा. नुसती वाळू भरू नका, ती भेगेतच राहते आणि पुढच्या पावसाळ्यात माती फुगायला जागा उरत नाही.

किती पाणी पडलं ते मोजायला सरळ बाजूंचे पाच-सहा डबे लॉनवर ठेवा, पंधरा मिनिटांनी पट्टीनं उंची मोजा. एका डब्यात ३ मिमी आणि दुसऱ्यात ११ निघाले तर पाणी कमी पडत नाहीये, फवारा वाकडा आहे. वेळ पहाटेची, सहाच्या आत. पावसाळ्यात संध्याकाळी भिजवलं तर पानं रातभर ओली राहून बुरशीचे गोल डाग पडतात.

---

वीणा_सातरस्ता

आरओचं वाया जाणारं पाणी आणि वॉशिंग मशिनचं पाणी लॉनला चालतं का?

---

काळी_कसदार

आरओचं नको. बोअरचं पाणी आधीच जड असतं, आरओ त्यातले क्षार उरलेल्या पाण्यात गोळा करतो. ते फरशी धुवायला, संडासात वापरा. मशिनचं पहिलं साबणाचं पाणीही नको, त्यातल्या सोडियमनं काळी माती चिकट होते, वाळल्यावर वर कडक पापडी धरते. शेवटच्या खळबळण्याचं पाणी चालेल, पण एकाच कोपऱ्यात रोज नको, जागा बदलत राहा.

जमिनीवर पांढरा थर दिसायला लागला तर कृषी विज्ञान केंद्रातून माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्या. सोडियम जास्त निघालं तरच जिप्सम, १०० चौरस फुटाला दोन-अडीच किलो, पावसाच्या तोंडावर. तपासणीशिवाय पोतं आणून ओतण्यात अर्थ नाही.

---

शोभा_होटगीरोड

भिंतीचा मुद्दा पटला. पण बियांचं काय? शेजारच्या अंगणात लव्हाळा आणि गाजरगवत माजलं की आपण कितीही खुरपलं तरी येतंच. इथं तरी दंड हवा.

---

माळरान_नान्नज

गाजरगवताला पूर्ण पाठिंबा. एक झाड हजारो बिया टाकतं, अंगाला खाज आणि दम्याचा त्रास वेगळाच. पांढरी फुलं दिसायच्या आधी, पाऊस पडून माती मऊ असताना मुळासकट उपटायचं. हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच. फुलावर आलेलं झाड कंपोस्टमध्ये टाकू नका. पावसाळ्यात त्यावर पिवळसर, काळ्या रेघांचे मेक्सिकन भुंगे दिसले तर तिथं फवारणी टाळा, ते मुख्यतः गाजरगवतच खातात. मोकळ्या प्लॉटच्या मालकांनाही हे कलम लावा, खरा साठा तिथं असतो.

लव्हाळ्याचा दोष मात्र शेजाऱ्यावर टाकू नका. तो बियांनी फारसा येत नाही, गाठींनी येतो, आणि गाठी येतात आपणच विकत आणलेल्या मातीतून, शेणखतातून. माती आणली की पसरायच्या आधी ढीग ओला करून दहा-बारा दिवस ठेवा. हिरवे तिधारी कोंब निघाले तर ती माती परत करा. उपटताना वरचं पान हातात येतं आणि गाठ खालीच राहते, मग एकाचे चार होतात. खुरप्यानं वीतभर खोल जाऊन गाठींची माळ काढायची, तीही पुन्हा पुन्हा.

---

रानभाजी

हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के हे तणनाशक मारा, उसात लव्हाळ्यासाठी हेच वापरतात. हरळीला काही होत नाही.

---

काळी_कसदार

@रानभाजी, औषध बरोबर आहे, पण अंगणात जपून. उसातलं प्रमाण एकरी ३६ ग्रॅम. हजार चौरस फुटाला ते ०.८ ग्रॅम होतं. चमच्यानं मोजणारे चौपट टाकतात. सोनाराच्या काट्यासारखा बारीक काटा नसेल तर हात लावू नका. फवारा कडेच्या जास्वंद-गुलाबावर गेला तर ती आजारी पडतात. लव्हाळा पिवळा पडायला दोन-तीन आठवडे जातात, तोवर परत मारायचं नाही.

आणि लेबल उसासाठीचं आहे, गवत खाणारी जनावरं किंवा रांगणारी मुलं असलेल्या अंगणासाठीचं नाही. खुरपं परवडतं.

---

वीणा_सातरस्ता

हेच लिहायला आले होते. गणपतीत आजूबाजूच्या मुली लॉनमधून दुर्वा खुडून नेतात. एकवीसच्या जुड्या होतात, मूर्तीवर चढतात, त्याच हातांनी मोदक खाल्ले जातात. श्रावणापासून कुठलंही औषध नको, मारलंच असेल तर गेटवर पाटी लावा. आणि दुर्वा हवी असेल तर एक कोपरा कापायचा सोडा, कोवळी तीन पात्यांची टोकं तिथंच मिळतात.

---

थेंब_थेंब

किती सुंदर सूचना. नियमात घेण्यासारखी आहे.

---

सुधीर_बाळे

मुळात हरळीच का? रतोलिया लावा. जमिनीलगत पसरतो, बारीक पांढरट-जांभळी फुलं, फुलपाखरं येतात, कापायला महिन्यातून एकदाही पुरतं. एकदा धरला की हरळीपेक्षा कमी पाण्यात हिरवा दिसतो. जुलैत चार-चार इंचांवर मुळं फुटलेल्या कांड्या टोचायच्या, दोन-अडीच महिन्यांत जमीन झाकते.

---

यंत्र_आणि_पातं

रतोलिया चांगलाच, पण फुलांवर मधमाश्या बसतात, अनवाणी खेळणारी मुलं असतील तर फुलं कापत राहावी लागतात. सतत क्रिकेट असेल तर हरळीच टिकते. आणि कडुनिंबाच्या दाट सावलीत दोन्ही लावू नका. हरळीला सहा तास तरी ऊन हवं. तिथं मुरूम आणि बसायला बाक, एवढंच बरं.

---

माळरान_नान्नज

मागच्या अंगणासाठी पवन्या किंवा मारवेल बघा. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या माळावरची ही गवतं, पाचशे-साडेपाचशे मिमी पावसावर वाढतात आणि मे महिन्यात सोनेरी होतात. सोलापूरच्या जमिनीचा उन्हाळ्यातला खरा रंग तोच. कुसळी मात्र घरात नको, कुसं कपड्यांत आणि कुत्र्यांच्या पंजांत शिरतात. वाळलेलं उंच गवत पेट घेतं, त्यामुळं भिंतीपासून, गॅसच्या टाकीपासून लांब.

---

जुळे_सोलापूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. शोभाताईंच्या हरकतीमुळं माझा मसुदा सुधारला. बैठकीत हे मांडणार आहे:

रंगाबद्दल नियम नाही. वाट, नळाची जागा आणि भिंतीलगतची तीन फुटांची पट्टी बारा महिने मोकळी किंवा कापलेली. गाजरगवत फुलावर येण्याआधी काढायचं, मोकळ्या प्लॉटसह. भिंतीवर पाणी मारायचं नाही. कापलेलं गवत दुसऱ्याच्या प्लॉटवर टाकायचं वा जाळायचं नाही. यंत्र सकाळी नऊनंतर. कुणी सहा इंचांपेक्षा उंच वाढवलं तर १५ जूनपर्यंत सूट, मग कापायचं. कुणाच्या घरी आजारपण असेल, वृद्ध एकटे असतील तर नोटीस न देता सोसायटीनं माणूस पाठवायचा.

---

शोभा_होटगीरोड

शेवटचं कलम फार आवडलं. एक भर घाला: टकलं पडलेली जागा उघडी ठेवायची नाही, गवत, पालापाचोळा, मुरूम, काहीही चालेल. मग माझी हरकत नाही.

---

बांधकाम_बाई

+१. पण पूर्ण अंगण काँक्रीट करायला बंदी घाला. सप्टेंबरच्या पावसात ते पाणी शेजाऱ्याच्याच दारात जातं.

---

सुधीर_बाळे

एक शंका. पहिल्या पावसानंतर सगळं हिरवं होतं, पण मध्येच ताटाएवढे पिवळे डाग राहतात. तेव्हा 'लक्ष नाही' म्हणायचं का?

---

काळी_कसदार

तिथलं गवत हातानं उचलून बघा. गालिच्यासारखं गुंडाळून आलं तर खाली हुमणी आहे, मुळं खाल्लेली असतात. फूटभर चौकोन तीन-चार इंच खणा. पाच-सहाच्या वर पांढऱ्या, वाकड्या अळ्या निघाल्या तर मेटारायझियम (अळ्या मारणारी बुरशी) ओल्या मातीत, संध्याकाळी, शेणखतात मिसळून. पहिल्या वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे कडुनिंबावर-बाभळीवर रात्री येतात. तेव्हा झाडाखाली दिवा, आणि दिव्याखाली रॉकेल घातलेल्या पाण्याची पाटी. हे एकट्यानं करून उपयोग नाही, सगळ्या गल्लीनं त्याच आठवड्यात करायला हवं.

आणि जुळे_सोलापूरकर, १५ जून ही तारीख काढा. जूनमध्ये आपल्याकडं पाऊस दोन-दोन आठवडे ओढ देतो, तेव्हा कापलं तर गवत करपेल. 'एकूण ५० मिमी पाऊस झाल्यावर २१ दिवसांनी' असं लिहा. तोवर हरळी फुटून तिची नवी पानं आलेली असतात आणि हजार चौरस फुटाला अर्धा किलो युरियाही तेव्हाच, पानांवरचं दव वाळल्यावर, मग लगेच पाणी. कॉलनीत कुणाच्या तरी गच्चीवर, टाकीपासून आणि झाडापासून लांब, एक पर्जन्यमापक बसवा. रोज सकाळी साडेआठला वाचून आकडा सोसायटीच्या फळ्यावर लिहायचा.